उघडी टाळू

बाळाच्या टाळूवर पेराएवढी जागा नाडीच्या ठोक्याबरोबर अलगद वर उचलली जात होती. तिथे हाड अजून जुळलं नव्हतं. डॉक्टर राजेश्वरींनी सोनोग्राफीचा प्रोब नेमका तिथेच टेकवला आणि दाराशी उभ्या असलेल्या वेणूबाईंनी डोळे मिटले...

याच टाळूवर त्या रोज तेल घालत होत्या!

सातव्या महिन्यात जन्मलेली नात दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून नावडे गावातल्या घरी आली, तेव्हापासून. काल ती दूध ओकली, मलूल झाली, आणि त्यांचा मुलगा सुगत त्यांच्यावर कडाडला, "किती वेळा सांगितलं, डोकं दाबू नको म्हणून! काही झालं ना हिला, तर..."

वेणूबाईंनी टाळू कधीच दाबली नव्हती. तेल नुसतं बोटाने टेकवलं होतं. तरी त्या गप्प राहिल्या. आजवर त्याचा राग सुनेवर, शुभदावर उतरत होता... महाप्याच्या कंपनीतल्या नोकरीत धावपळ केली, म्हणूनच बाळ लवकर झालं! ओल्या बाळंतिणीने किती सोसायचं? त्यापेक्षा माझ्यावर येऊ दे... त्यांनी पिशवी भरली. रिपोर्ट ऐकायचा आणि गावी निघायचं.

"हा डाग बघा," डॉक्टरांनी मशीनचा पडदा वळवला. "जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत मेंदूत झालेला छोटा रक्तस्राव. लवकर जन्मलेल्या बाळांत होतो. आता विरत आलाय. महिन्याने पुन्हा बघू, पण घाबरायचं कारण नाही."

"टाळूवर तेल घातल्याने...?" सुगतचा आवाज चिरकला.

"छे! तेलाने असं होत नाही."

"आणि माझ्या नोकरीने, डॉक्टर?" शुभदाने हळूच विचारलं.

"नोकरीने? कोण सांगतं हे तुम्हाला?"

सुगतने मान खाली घातली. तो म्हणाला, "आई, काल तू बोलली का नाहीस गं?"

"तू ऐकणार होतास व्हय!"

"माझ्यासाठी गप्प बसल्या त्या," शुभदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिने सासूच्या खांद्यावरची पिशवी उतरवून स्वतःच्या खांद्याला लावली. "आणि ही कसली तयारी, आई? हिला आंघोळ कोण घालणार? मला तर धरताही येत नाही नीट!"

वेणूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"रिपोर्टवर अजून 'बेबी ऑफ शुभदा'च लिहू?" डॉक्टरांनी विचारलं. "नाव नाही ठेवलं?"

जगते की नाही, या धास्तीने आजवर नाव ठेवायला कुणी धजलंच नव्हतं.

"आईंना विचारा," शुभदा म्हणाली.

वेणूबाई पुढे झाल्या. पेटीच्या काचेबाहेर उभं राहून रोज मनातल्या मनात घेतलेलं ते नाव... त्यांनी टाळूवरचं जेल पदराने हलकेच टिपलं.

"उत्पला," त्या म्हणाल्या. "लिहा, डॉक्टर. उत्पला."