उशिरा येणाऱ्यानं फळा पुसायचा

"दोष डीनचा," ताहाकाकांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं.

"म्हाताऱ्यांचाच असतो," शिक्षण सुटलेल्या पोरांपैकी एक म्हणाला. पोर्ट सुदानात दिवे गेले होते आणि चहावालीच्या शेगडीचा तेवढा उजेड होता. काका खार्तूमला या डीनच्याच विद्यापीठात कारकून होते. तिथं शिकवणारा मुतसिम मास्तर त्यांच्या गल्लीतला.

लढाई पेटली तशी डीनसाहेबांनी कैरो गाठलं. बायकोचं सोनं आठवणीनं नेलं, विद्यापीठाचा शिक्का खणात विसरले. वर हुकूम ठेवून गेले: वर्ग बंद पडता कामा नयेत, गैरहजर तो नापास. पोरं बिचारी येत राहिली. एका सकाळी इमारतीवर तोफगोळा पडला. मुतसिम तपासणीच्या नाक्यावर अडकला होता म्हणून वाचला. वर्गातलं कोण उरलं, कळायला मार्ग नव्हता. पोरांचे फोन बंद, माणसं दाही दिशांना.

मुतसिमचा धाकटा भाऊ हातिम इंजिनिअर होऊन रिक्षा चालवत होता. आखातातली नोकरी सर्टिफिकेटावर अडलेली, सर्टिफिकेट शिक्क्यावर.

"बेटा, खणातच तर आहे. जाऊन घेऊन ये," कैरोहून डीन फोनवर मुतसिमला म्हणाले.

"त्यांना म्हणावं, स्वतः या. मी रिक्षा पाठवतो," हातिम म्हणाला.

"तुझ्याच कागदासाठी चाललोय. गप चालव," मुतसिम म्हणाला.

ईदनंतरचा पहिला गुरुवार. दिवस नुकताच बुडालेला. हातिम फाटकाबाहेर रिक्षातच थांबला.

"लवकर ये. लेक्चर झोडत बसू नकोस."

शिक्का मिळाला. परतताना जिन्यालगतच्या वर्गात बाक सरकला.

"उस्ताद, पुलाचा धडा अर्धा राहिलाय."

अंधारात डोकी दिसली. वाचली होती पोरं.

"अरे, इथं काय करताय? घरी जा."

"गैरहजेरी लागेल, उस्ताद."

"खड्ड्यात गेली ती हजेरी. हजेरी घेणारा कैरोत कॉफी पितोय."

कुणी हललं नाही. कितीही ओरडला तरी नाही. शेवटी त्यानं चिडून खडू उचलला. पुलावरचा भार खांबांत कसा उतरतो, ते शिकवू लागला. महिन्यांनी शिकवत होता. बरं वाटत होतं, याचाही त्याला राग येत होता.

दार कुरकुरलं. कुणीतरी आत आलं.

उशिरा येणाऱ्यानं फळा पुसायचा, तोही हातानं, असा मुतसिमच्या वर्गाचा नियम. "नियम ठाऊक आहे ना?" तो न बघताच म्हणाला.

उशिरा आलेला पुढे आला. दोन्ही तळव्यांनी फळा पुसला. सावकाश. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

"काही शंका?"

सगळ्यांनी हात वर केले.

दोन्ही हात. तळवे उघडे, त्याच्याकडे केलेले.

शंकेला एक हात पुरतो. दोन तळवे उचलतात ते मयताच्या घरी. सांत्वनाला आलेला उचलतो... घरचा माणूस उत्तरादाखल उचलतो.

सवयीनं मुतसिमचेही हात वर गेले.

"कोण... कोण गेलं?"

...

फक्त शेवटच्या बाकावरच्यानं हात उचलले नव्हते.

मुतसिम पळत सुटला. जिना. पटांगण. फाटक.

रिक्षाचं इंजिन चालू होतं. हातिमची मान छातीवर कललेली. समोरच्या काचेला एक भोक... भटकी गोळी. कपाळावरचं रक्त सुकत आलेलं.

रिक्षाभोवतीच्या धुळीत पावलं एकट्या मुतसिमची.

हातिमचे हात मांडीवर होते. दोन्ही तळवे खडूनं पांढरे...

शेगडीत कोळसा तडकला.

"आणि डीन?" एका पोरानं विचारलं.

"म्हणाले, अल्लाची मर्जी, बेटा. शिक्का तेवढा जपून आण."

पोरानं शिवी हासडली. काकांनी अडवलं नाही.

शिक्का पोचला. हातिमचं सर्टिफिकेट निघालं. मुतसिमला एकच भाऊ होता.