पन्नासचा फ्यूज

हैबतीच्या टॅक्सीत काचेच्या नळीचे दोन फ्यूज होते. पस्तीस अँपिअरचा वायपरसाठी आणि पन्नासचा हॉर्नसाठी. पस्तीसचा कधी गेला नाही. पन्नासचा मात्र गणपतीपासून पाच वेळा जळला होता, आणि आता कार्तिकात हैबती सहावा घ्यायला महाडच्या बाजारात नझीरच्या दुकानी उभा होता.

नझीरने पत्र्याचा डबा पुढे केला. हैबती एकेक नळी उजेडाकडे धरून आतली तार निरखू लागला. लेकीला स्थळ पाहताना माणूस एवढा चिकित्सक नसतो.

“वायरिंग बघितलंस?” नझीरने विचारलं.

“तीनदा. कुठं उघडी नाय.”

“जळतो कुठं?”

“कशेडीच्या वळणावर. दर खेपेला तिथंच.”

नझीरने डब्याचं झाकण लावलं. “श्रावणात एका शुक्रवारी मी नमाजाहून येत होतो, तवा तू बंद दुकानासमोरून गाडी काढलीस. काय पायजे होतं रे?”

“काय नाय,” हैबती म्हणाला आणि निवडलेली नळी खिशात टाकून निघाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

श्रावणातल्या त्या शुक्रवारी हॉर्न मुका होता. अर्धा तास थांबला असता तर फ्यूज मिळाला असता. पण खेडला उतारू वाट पाहत होते, आणि हॉर्नावाचून काय अडतं, असं हैबतीला वाटलं. अडलं ते राहीबाईचं. कशेडीची ही म्हातारी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डोक्यावर मोळी घेऊन रस्त्यानेच यायची. हैबतीनेच तिला सांगून ठेवलं होतं, “आजी, माझी गाडी वळणावर तीनदा वाजंल. तीनदा ऐकलंस की डोंगराकडं सर.” त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की इंजिनाचा आवाजही पोचत नव्हता. राहीबाई रस्त्याच्या मधोमध निवांत चालत होती.

पंचनाम्याच्या वेळी पोलिसांना त्याने सांगितलं, हॉर्न दिला होता.

पोलादपूरच्या थांब्यावर आज राहीबाईचा मुलगा सहदेव भेटला. मुंबईच्या गिरणीत असायचा. आईचे दिवस उरकून गेला तो आत्ता परत येत होता. तो हैबतीच्या शेजारीच बसला. दुसरा उतारू नव्हता. घाट लागला तेव्हा सहदेवने विचारलं.

“हैबतीदादा, हॉर्न नक्की दिला होतास ना?”

“दिला होता.”

“मंग ती ऐकूनसुदा सरली नाय. तिला जगायचंच नव्हतं.” सहदेव म्हणाला. “मुंबैला ने म्हणायची. मी नेली नाय.”

आपल्या एका शब्दापायी हा माणूस आईच्या मरणाचं ओझं वाहतोय, हे हैबतीच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता सांगायचंच, काय व्हायचं ते होवो, असं त्याने ठरवलं.

वळण आलं. दुपारचं लख्ख ऊन होतं, वाऱ्याचा पत्ता नव्हता. त्याने सवयीने हॉर्न दाबला. आत चिर्र झालं आणि हॉर्न मुका राहिला.

हैबतीने गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि नळी उपसून काढली. सहदेवही खाली उतरला.

“ह्यो बघ.” नळी तळहातावर होती. तार तुटलेली, काच आतून काळी. “त्या दिशी पण असाच—”

हॉर्न वाजला. तीनदा.

गाडीत कोणी नव्हतं.

“काय म्हणालास?” सहदेवने विचारलं.

“त्या दिशी हॉर्न—”

पुन्हा तीनदा.

मग हैबती ओरडून बोलला. सगळं बोलला, आणि त्यावर हॉर्न वाजतच राहिला. हॉर्न थांबला तेव्हा त्याचं बोलणं संपलं होतं आणि सहदेव डोळे पुसत होता.

“ह्योच आवाज,” तो म्हणाला. “आय ह्योच ओळखायची. म्हंजे ऐकलाच असंल तिनं.”

हैबतीने मूठ मिटली. नळी मुठीतच होती.

सहदेवच्या मागे, डोंगराच्या अंगाला, वाळलं गवत दबलं. आधी एका पावलाएवढं. मग दुसऱ्या.

गाडी पुढे जाईपर्यंत ते वर आलं नाही.