उंबरीचं कोरडं पात्र

धरण झालं त्या वर्षी मला एक करमणूक मिळाली होती: उंबरी नदी ओलांडणाऱ्या बायका बघायची. ब्राह्मणपुरीहून सातपुड्याकडे निघालं की ही नदी आडवी येते. १९३६ साली सरकारने तिच्यावर दगडी धरण बांधलं. मी तिथे गवंड्यांचा मुकादम होतो. सांडव्याचं पाणी पलीकडच्या नाल्यात काढून दिलेलं, त्यामुळे धरणाखाली पात्र ठणठणीत कोरडं. तरी बाजाराला निघालेल्या बायका काठावर आल्या की लुगडं गुडघ्यापर्यंत खोचायच्या आणि वाळूतून पाय रेटत चालायच्या. सवय, दुसरं काय! मी भिंतीवरून ओरडायचो, "माय, पव्हता येस ना तुले?" त्या हसायच्या आणि तशाच पुढे जायच्या.

धरण चांगलं होतं, हे मी आजही म्हणतो. दर पावसाळ्यात उंबरी दोन्ही काठांवरची घरं आणि गुरं घेऊन जायची, ते थांबणार होतं. पाटाच्या पाण्यावर उन्हाळी पीक निघणार होतं. फक्त ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्यांचा विचार कुणी करायचा, हे ठरलेलं नव्हतं. माझी बहीण धनुबाई आणि मेहुणा छगन यांची काळी कसदार जमीन बुडाली. बदल्यात त्यांना धरणाखालचं हे पात्र दिलं. गाळ, वाळू आणि गोटे! ओव्हरसियरसाहेब म्हणाले, "आता इथे पाणी कधीच येणार नाही. खुशाल पेरा." दुसऱ्याच्या जिवावर माणूस किती उदार होतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

छगनला दुसरीकडे वीतभर जमीन नव्हती, पोरबाळही नव्हतं. त्या साली पाऊस बेताचाच झाला. दिवाळीनंतर नवराबायकोने पात्रातच झोपडी घातली, गोटे वेचले, भुईमूग पेरला.

पहिल्यांदा बैल अडला. काठावरून उतरताना छगनचा ढवळ्या थांबायचा आणि मान खाली घालून वाळूला तोंड लावायचा. मान वर केली की नाकपुड्यांवरून पाणी ठिबकायचं. लाळ असेल म्हणून मी हात लावला. गार पाणी होतं, गढूळ.

मग भुईमूग कुजला. वर माती फुफाट्यासारखी, आणि मुळं मात्र पाण्यात पडून राहिल्यासारखी काळी, लिबलिबीत. मी कुदळ घेऊन कमरेइतकं खणलं. ओल नाही. जवळपास झरा नाही, भिंतीला गळती नाही. तिचा सांधा न् सांधा मी स्वतः तपासला होता. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, बियाणं वाईट असेल.

एका सकाळी मी झोपडीवर गेलो, तेव्हा धनू लुगड्याचा काठ पिळत होती.

"कोठे भिजनी वं?"

"आठेच."

"आठे पानी कोठे शे?"

"माले काय माहीत, भाऊ. चालनू का पायले लागस." तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. "आते गुडघापावत येस."

मला भुताखेतांचं वावडं. पण त्या ओल्या काठाला शेवाळाचा वास होता. मी छगनला म्हणालो, सगळं सोडा आणि माझ्या घरी चला.

"तुन्हा घर कितला दिन ऱ्हासूत, पितांबरभाऊ?" तो म्हणाला. "हाई मन्ही जमीन शे. सरकारनी दिन्ही शे."

त्याचंही खरं होतं. बायकोच्या भावाच्या दारात कोण आयुष्य काढतो?

श्रावणात एका दुपारी सातपुड्यावर ढग फुटले. खाली आमच्याकडे थेंब नव्हता. धरण काठोकाठ भरलं, सांडवा घुमू लागला, भिंत मात्र ढिम्म हलली नाही. साहेबांनी सगळ्यांना गूळ वाटला. माझीही छाती फुगली होती. गूळ तोंडात टाकून मी भिंतीच्या दुसऱ्या अंगाला वळलो.

खाली पात्र कोरडं होतं. छगन ढवळ्याला घेऊन पलीकडच्या काठाकडे निघाला होता. धनू अलीकडच्या काठावर उभी होती.

ढवळ्याचे पाय वाळूवरून सुटले. तो पोहायला लागला.

छगनने कासरा मुठीला गुंडाळला आणि ओढला.

पुरात कासरा कधी ओढायचा नसतो. तो सोडायचा आणि बैलाचं शेपूट धरायचं, बैल माणसाला काठाला लावतो. आमच्या काठावर हे कुणाला शिकवावं लागत नाही.

"कासरा सोडा!" धनू किंचाळली. "शेपूट धरा, शेपूट!"

छगनने पायांखालच्या कोरड्या वाळूकडे पाहिलं.

"आठे पानी कोठे शे वं?"

तो आडवा झाला. वाळूपासून पुरुषभर उंचीवरून, हात मारत, वळणाकडे गेला. पाठीमागे सांडवा घुमत होता. पुढे कसलाच आवाज नव्हता.

ढवळ्या खाली काठाला लागला आणि त्याने अंग झाडलं. थेंब उडाले.

छगन वळणापलीकडे बाभळीच्या वरच्या फांद्यांत सापडला. पोटात पाणी भरलेलं. कचेरीने ठरवलं, नदीला पूर नव्हता, तेव्हा माणूस पुरात मेला नाही. झाडावरून पडून मेला. आणि कसायला कुणी उरलं नाही म्हणून ती जमीनही काढून घेतली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दहनाच्या तिसऱ्या दिवशी राख सावडली. धनूने एवढंच मागितलं, की राख सोडण्यापुरतं पाणी नदीत सोडा.

"दरवाजा उघडायचा हुकूम नाही," साहेब म्हणाले. "धरणात टाका."

"थांबेल पानीमा नही," धनू म्हणाली. "वाहता पानीमा सोडनी शे."

ती मडकं घेऊन पात्रात उतरली. मी काठावर थांबलो. साहेब भिंतीवरून बघत होते.

तिने मडकं उपडं केलं. राख वाळूवर पडली नाही. तिच्या गुडघ्यांशी पसरली, संथ भोवरा घेतला, एका धोंड्यापाशी दुभंगली, पुढे जाऊन पुन्हा एक झाली. बाभळीचं पानही हलत नव्हतं.

"वारा सुटलाय," साहेब वरून म्हणाले.

"धनू, चाल आते," मी हाक मारली.

"तू जाय, भाऊ. पानी वाढी ऱ्हायनं."

ती वळली नाही. राख तिच्या कमरेपर्यंत आली होती.