केराबाईच्या खिडकीतली फांदी

बसा रे, आणि तो कंदील जरा बारीक करा. बिरप्पा धनगर माझ्या चांगल्या ओळखीचा. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं होटगी रस्त्याला एकाच ढिगावर खडी फोडायचो. त्यामुळं सांगतो ते ऐकीव असलं तरी उडतं नाही.

त्याची आई केराबाई सोलापुरातल्या एका दवाखान्यात पडून होती. दवाखान्याचं नाव मी घेणार नाही. म्हातारीच्या छातीत पाणी झालं होतं. बिरप्पा रोज दिवस मावळला की तिच्यासाठी बकरीचं दूध घेऊन जायचा. सगळा कळप दुष्काळानं खाल्ला, दोनच बकऱ्या उरल्या. त्या दवाखान्याच्या कुंपणाशीच बांधलेल्या असायच्या, आणि रात्री तोही तिथंच निजायचा.

म्हातारीची खाट भिंतीकडं होती. ती भिंतीला तोंड करून पडायची आणि दूध तसंच राहायचं. जन्म उघड्या माळावर गेलेला, तिला भिंत कशी मानवेल? शेवटी डॉक्टरच म्हणाले, "हिला माडीवर खिडकीपाशी न्या. औषध तेच, पण हिरवं दिसलं की माणूस लवकर उठतं."

खिडकीबाहेर कडुलिंब होता. त्याची एकच फांदी खिडकीपर्यंत पोचायची. म्हातारी तिच्याकडं बघत म्हणायची, "हिच्या सावलीला धा बकरी बसतील की." आणि दूध प्यायची. हळूहळू उठून बसायला लागली.

तिथली आया अक्कम्मा. तिनं बिरप्पाला बजावलं, "त्या झाडाला हात लावू नगं. तिचं हाय ते."

"कुनाचं?"

अक्कम्मा भांडी उचलून निघून गेली. बिरप्पाला वाटलं, हिलाच पाला विकायचा असणार. दुष्काळात कुणाचा भरवसा धरावा?

मार्गशीर्षातली अमावास्या, गुरुवार. बकऱ्या भुकेनं ओरडत होत्या. त्या आटल्या की आईचं दूध बंद. मध्यरात्री बिरप्पानं आकडी घेतली, म्हणजे लांब काठीला बांधलेला कोयता. अंधारात जी फांदी आकडीला लागली ती ओढली. कचकन तुटली. मग त्यानं वर बघितलं, तर खिडकी मोकळी. आईचीच फांदी होती ती.

सकाळी म्हातारी काय बघणार?

पाला बकऱ्यांपुढं टाकला. बकऱ्या मागं सरल्या. उपाशी बकरी लिंबाला तोंड लावत नाही, हे कधी ऐकलंय?

तो हौदावर पाणी आणायला गेला. परत आला...

फांदी नाही.

वॉचमननं नेली? वॉचमन घोंगडं पांघरून घोरत होता. अक्कम्मानं? वॉर्डाचं दार आतून बंद. मातीत फांदी ओढत नेल्याची रेघ होती. भिंतीपर्यंत. पुढं... पुढं भिंतच.

त्यानं हळूच वर पाहिलं.

फांदी खिडकीत होती. हलत होती. वारा नव्हता.

फांदीच्या बुडाला हात होता. कोपरापर्यंत.

त्याखाली...

इथं आलं की बिरप्पा उठून चालू लागायचा. मीही कधी खोदून विचारलं नाही.

उजाडताच तो वर धावला. म्हातारी चहा पीत बसली होती.

"रातभर ती बाई फांदी धरून हुबी व्हती रं," ती म्हणाली. "हात अवघडला आसंल तिचा. तिला जरा बस म्हन की."

फांदी खिडकीच्या गजांत अडकवलेली होती. बाहेर कुणी नव्हतं. त्या दिवशी बिरप्पानं आकडी मोडून टाकली आणि बकऱ्या एका पाव्हण्याकडं नेऊन बांधल्या. दूध तिथून आणायचा.

मी संशयी माणूस. ती फांदी अजून हिरवीच आहे असं बिरप्पा सांगायचा, तेव्हा मला वाटलं, हाच आईसाठी रोज नवी फांदी खोचत असणार. होळीला म्हातारी बरी होऊन घरी निघाली, तेव्हा तिचं गाठोडं उचलायच्या निमित्तानं मी मुद्दाम वर गेलो. खालच्या लिंबाची पानं झडून गेली होती. गजांतल्या फांदीचं बूड हातात घेऊन निरखलं. आकडीचा तिरका घाव, जुना. लाकूड वाळून काळं पडलेलं.

शेंड्याला कोवळी पालवी होती. आणि पांढरी फुलं.