बदामी गाडी आणि कच्चं अंडं

सिग्नल हिरवा झाला, लोरेनने पाय टेकवला मात्र — आणि वडिलांची ती बदामी, चार दारांची साधीभोळी गाडी उधळल्यासारखी चौक ओलांडून गेली! तिने करकचून ब्रेक दाबला. मागे तिची तीन वर्षांची लेक डॉटी खिदळली, पीचची टोपली कलंडली.

मागून आलेल्या ट्रकमधून एकजण उतरला.

"बाई, शर्यत लावायची होती तर आधी सांगायचं ना!"

तो वेंडेल, गावातल्या गॅरेजचा मालक. डोळे मिश्कील.

"चेष्टा पुरे. गाडीत दोष आहे," लोरेन म्हणाली. "बाबा गेले, तेव्हापासून मीच चालवते. घरात आम्ही दोघीच... हिला काही झालं तर? उद्या विकूनच टाकते."

वेंडेलने बॉनेट उचललं आणि इंजिनाला कान दिला. लांबचं गाणं ऐकावं, तशी मान कलती.

"दोष? अहो, कारखान्यातूनच शर्यतीचं इंजिन घालून आलीय ही! लाखात एखादी. तुमच्या बाबांनी मुद्दाम मागवलं असणार."

"बाबांनी? चर्चच्या गायकवृंदात गायचे ते!"

"आणि चर्चहून घरी... लांबच्या रस्त्याने यायचे?"

लोरेनला आठवले रविवारचे बाबा — केस विस्कटलेले, गाल लाल. तिला हसू फुटलं, कितीतरी महिन्यांनी.

"मग तुम्हीच घ्या ना ही."

त्याने बॉनेटवरून हात फिरवला. "जीव तर जडलाय... पण नको. तुम्हालाच चालवायला शिकवतो." ट्रकमधून आईसाठी घेतलेल्या अंड्यांतलं एक त्याने आणलं, रुमालाने अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलला बांधलं. "आमच्या आजोबांची रीत. यावर पाय ठेवा. फुटलं तर मी हरलो. खुशाल विका."

ट्रक कडेला लावून तो तिच्याशेजारी बसला. मक्याच्या पिवळ्या शेतांमधून गाडी निघाली... मांजरीसारखी गुरगुरत, अलगद. उन्हं कलली. डॉटी पेंगुळली, झोपली. लोरेनचे खांदे सैल झाले.

"जमलं की! आता मला सोडा ट्रकपाशी."

"इतक्यात?"

"काम झालं ना. पण..." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "मला उतरायचंच नाहीये, लोरेन. पुढच्या रविवारीसुद्धा इथंच बसायचंय — तुझ्याशेजारी."

फट्!

गाडीने झेप घेतली. लोरेनने हलकेच पाय उचलला. गाडी शहाण्यासारखी निवली. बुटावरून बलक ओघळत होता.

"हरलो," वेंडेल पुटपुटला. "विकणार?"

तिने आरशात पाहिलं. डॉटी गाढ झोपेत होती.

"छे. रविवारी येताना अंडी घेऊन ये," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "चांगली डझनभर."