मैदानातलं पाणी

आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता, तरी वेळशेतच्या मैदानात पाणी चढत होतं.

ते कुठून वाहत येताना दिसत नव्हतं. गटारांच्या जाळ्यांमधून आवाज न करता वर येत होतं आणि मंडपाखाली आरशासारखं पसरत होतं. भर दुपार होती. व्यासपीठावर नगराध्यक्षपदाचे दोन उमेदवार शेजारी शेजारी बसले होते आणि गजाननराव सुर्वे गरजत होते, "निवडून आलो, तर याच मैदानावर मोठं रुग्णालय उभारीन!"

टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेतल्या शाल्मलीच्या पायांना मात्र गार लागलं. तिनं खाली पाहिलं. खुर्च्यांच्या पायांमधून बोटभर लांबीचा एक मासा संथपणे निघून गेला. आजूबाजूची माणसं नजर वर लावून हसत होती. त्यांची पावलं पाण्यात होती, आणि कुणालाच ते जाणवत नव्हतं.

ती धावत मैदानाच्या कडेला गेली. तिथं तिची हेमांगी आत्या शिंपल्यापाशी उभी होती. आत्या समुद्रशास्त्रज्ञ (समुद्राचा अभ्यास करणारी) होती आणि शिंपला हा तिचा यंत्रमानव, खाडीचं पाणी मोजणारा.

"पाणी अजून चढेल," शिंपला सपाट आवाजात म्हणाला.

"पाऊस नाही, मग हे आलं कुठून?" शाल्मलीनं विचारलं.

"आपली गटारं कुठं उतरतात?" आत्यानं उलट विचारलं.

"खाडीत."

"आज अमावास्या. चंद्र आणि सूर्य एकाच बाजूनं ओढतात, म्हणून उधाण (नेहमीपेक्षा मोठी भरती) येतं; पौर्णिमेलाही येतं. ते पूर्वीही यायचं. पण पृथ्वी तापली, बर्फ वितळला, तापलेलं पाणी फुगलं आणि समुद्राची पातळीच वर सरकली. आता उधाणात खाडी गटाराच्या तोंडापेक्षा उंच होते. मग पाणी उलटं आत शिरतं."

"आणि रुग्णालय?"

"तीस वर्षांनी दर अमावास्या-पौर्णिमेला त्याच्या तळमजल्यावर पाणी असेल," शिंपला म्हणाला.

खाटांखालून फिरणारे मासे शाल्मलीच्या डोळ्यांपुढे आले. "आत्या, तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं गं, कितीदा. काय होईल ते आम्ही सांगू शकतो. रुग्णालय कुठं बांधायचं, गटारांना उलटं पाणी अडवणाऱ्या झडपा बसवायच्या का, लाटा थोपवणारी खाडीकाठची खारफुटी राखायची का, हे निवडून आलेले ठरवतात. ज्ञान वापरून असं ठरवणं म्हणजे विज्ञान धोरण. आजच्या सभेत त्यावर एक प्रश्न घ्या म्हटलं, तर आयोजक म्हणाले, लोक कंटाळतील."

"मग निवडून आल्यावर विचारू या."

"तेव्हा आपल्याला कोण विचारतो? मत मागायला दारात आलेला माणूसच थांबून ऐकतो."

शाल्मली वळली आणि पाणी तुडवत थेट व्यासपीठावर चढली. आयोजक पुढे येईपर्यंत तिनं ध्वनिक्षेपक धरला होता. "रुग्णालय तुम्ही पाण्यात बांधणार का? खाली बघा ना सगळ्यांनी!"

सगळ्यांनी खाली पाहिलं. एक म्हातारी लुगड्याचा काठ उचलून पुटपुटली, "अगो बाई, केव्हा आलं हे?"

"निसर्गापुढं कुणाचं चालतं, बाळ?" गजाननराव म्हणाले.

दुसऱ्या उमेदवार सुलभाताई मयेकर उठून व्यासपीठाच्या कडेशी आल्या आणि पाण्याकडे वाकल्या. "मीही हीच जागा सांगणार होते," त्या हळूच म्हणाल्या. "मला हे ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक आहे त्यांना वर बोलवा."

आत्या वर गेली. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून लोकांनी तासभर ऐकलं आणि नंतर तेच उमेदवारांना प्रश्न विचारू लागले. झडपांचं काय? खारफुटी तोडू देणार का? रुग्णालय उंचावर बांधू, असा शब्द गजाननरावांनाही अखेर सर्वांसमोर द्यावा लागला.

भरती ओसरली. पाणी आलं तसंच, आवाज न करता जाळ्यांतून खाली गेलं.

निवडणूक सुलभाताईंनी जिंकली. रुग्णालयाचा पाया उंच सड्यावर (कातळाच्या पठारावर) खणला गेला, तेव्हा शाल्मली आत्याबरोबर तिथं उभी होती. दूरवर समुद्र चमकत होता.

"तो अजून वर येईल ना?" तिनं विचारलं.

"येईल," आत्या म्हणाली. "पण पलीकडच्या गावची मुलं काल आली होती. त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. काय विचारायचं, ते शिकायला आली होती."