पाच ठिपक्यांची माशी

"बाहेर या, झडप उघडायचीय!"

"दोन मिनिटं थांबा... माशी बसलीय."

गुडघाभर चिखलात वाकलेल्या तिनं मान वर न करताच सांगितलं, आणि बंधाऱ्यावरचा तो झडपवाला खरंच थांबला. एका माशीपायी अख्ख्या खाडीला ताटकळत ठेवणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता. साहजिकच तिनं मान वर केली.

बंधाऱ्याच्या एका अंगाला खाडीचं मचूळ पाणी, दुसऱ्या अंगाला पिण्याच्या पाण्याचं तळं. ओहोटीला झडप उघडून तळ्याचं जादा पाणी खाडीत सोडायचं, एरवी ती घट्ट बंद. काठावरच्या तिळाएवढ्या माश्या ओळखून पाण्याची तब्येत सांगायची, हे तिचं काम. तो रोज मदतीला येऊ लागला. ती माशी पकडून स्पिरिटच्या कुपीत टाकायची, तो ती कुठे सापडली ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठीही त्याच कुपीत घालायचा.

"माझ्याकडे कधी बघणार इतकं निरखून?"

"पंख फुटले की सांगा," ती म्हणायची, आणि मग उगाचच भिंग पुसत बसायची.

अहवालाच्या आदल्या दिवशी मायक्रोस्कोपखाली ती माशी आली. पंखांवर पाच फिकट ठिपके, म्हणजे नक्की मचूळ पाण्यातली. पण कुपीतली चिठ्ठी कोरी होती. पेन्सिलीऐवजी त्यानं बॉलपेन वापरलं होतं आणि स्पिरिटनं शाई धुऊन नेली होती. माशी तळ्याकडची असेल तर झडप गळत होती, खारं पाणी आत शिरत होतं. आणि झडपेची जबाबदारी त्याची. मुद्दाम तर केलं नसेल? तिला स्वतःचाच राग आला, पण शंका काही जाईना.

ती तडक बंधाऱ्यावर गेली.

"पेन का वापरलंत?"

"पेन्सिलीनं माझं अक्षर फार वाईट येतं." त्याचे कान लाल झाले. "तुम्ही वाचणार होतात ना..."

तिला विश्वास ठेवायचा होता, फार ठेवायचा होता. तरी तिनं जाळी उचलली. "पुन्हा पकडू. तळ्याकडे सापडली तर मी तसंच लिहिणार. कुणाचा मुलाहिजा ठेवणार नाही."

"माझाही?"

"तुमचा तर मुळीच नाही."

दोघं तळ्याच्या दोन काठांनी निघाले. ऊन चढलं, पाठीचा काटा ढिला झाला, पण ती हटली नाही. शेवटी पलीकडच्या काठावरून त्याची हाक आली. तिनं तिकडे जाऊन भिंग लावलं. पाच ठिपके.

"माझी तर तुमच्याकडे पाठ होती," ती हळूच म्हणाली. "सोडून दिली असतीत तरी मला कळलं नसतं."

"मला कळलं असतं ना. घरी आई हेच पाणी पिते. आणि..." तो अडखळला. "मला जन्मभर तुमच्यासमोर उभं राहायचंय. खोटं बोलून कसा उभा राहू?"

तिनं भिंग खिशात ठेवलं.

"मला आवडता तुम्ही," ती म्हणाली. "सकाळी शंका घेतली, तेव्हाही आवडतच होतात."

त्यानं हातांचा चिखल पँटला पुसला. "अहवालाची वाट नको बघायला. साहेबांना मी आत्ताच सांगतो, झडप गळतेय म्हणून. फार बोलतील."

"बोलू देत," ती त्याचा हात धरत म्हणाली. "निम्मं मी ऐकून घेईन."